जुनं मॅच एअर पिस्तूल घेतलं आणि शॉट खाली जाऊ लागले? बॅरलच्या आधी हवा तपासा

"भाऊ, घेतलं तेव्हा मस्त दहा मारत होतं. आता सगळे शॉट खाली, घड्याळाच्या सहाच्या काट्यावर जाऊन राहिले. बॅरल गेली का?"

नागपुरात ज्यानं ज्यानं जुनं १० मीटरचं मॅच पिस्तूल घेतलं, त्यातल्या बऱ्याच जणांचा हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पिस्तूल स्टायर असो, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाउ की पार्डिनी, गोष्टीचा क्रम ठरलेला असतो. विकणाऱ्यानं पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर गच्च भरून आणलेला. रेंजवर पाच-दहा शॉट मारले, भोकात भोक पडलं, पैसे दिले. पहिले काही दिवस आनंदात गेले. मग शॉट खाली यायला लागले, म्हणून साईटचे (नेम धरायच्या पट्टीचे) क्लिक चढवले. दुसऱ्या दिवशी पहिलाच शॉट वर. पुन्हा क्लिक उतरवले. असं आठवडाभर चाललं की घरात वाद सुरू होतात, आणि कुणीतरी अनुभवी काका सांगतात, "बॅरल खराब आहे, फसवलं तुला."

बॅरल सहसा खराब नसते. शिशाचा मऊ पेलेट (छर्रा), बंदुकीची दारू नाही, जळणं नाही, वेग १५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास. एवढ्यानं पोलादी बॅरल झिजत नाही. झिजतात ते रबराचे छल्ले, सरकतो तो हवेचा दाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर, आणि संपते ती सिलिंडरची मुदत. तिन्ही गोष्टी हवेशी जोडलेल्या आहेत. आणि तिन्ही पैसे देण्याआधी तपासता येतात, अट एवढीच की विकणाऱ्यानं एक रात्र द्यायला हवी.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. बरेच जण परदेशातली प्रॅक्टिकल शूटिंगची चित्रं पाहून येतात, पळत, वळत, एकापाठोपाठ एक टारगेट पाडायची ती स्पर्धा, आणि तसं जुनं पिस्तूल इथे मिळेल का विचारतात. तो खेळ तिकडे मुख्यतः ९ मिमीवर चालतो आणि आपल्याकडे ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) येतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे जुन्या स्पर्धा-पिस्तुलाचा खरा बाजार आपल्याकडे एअर पिस्तुलाचा आहे. ०.१७७ इंच बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल या मर्यादेच्या कितीतरी आत असतं: अर्ध्या ग्रॅमचा पेलेट १५० च्या वेगानं म्हणजे साडेपाच ज्यूलच्या आसपास. तरी ते दिसायला पिस्तूलच आहे. बंद पेटीतून न्या, बिल सोबत ठेवा, आणि बर्डीच्या बाजारात मित्राला दाखवायला उघडू नका.

आधी ठरवा: खाली जातायत की पसरतायत?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण फोनवर सगळे एकाच शब्दात सांगतात: "बिघडलं." ग्रुप, म्हणजे टारगेटवरचा शॉटांचा पुंजका, तसाच घट्ट आहे पण अख्खाच खाली सरकलाय, तर संशय हवेवर. ग्रुपच फुटलाय, वर-खाली-डावी-उजवी सगळीकडे, तर संशय पेलेटवर, ढिल्या स्क्रूवर किंवा हातावर.

हाताचा प्रश्न सर्वांत आधी सोडवा, कारण तो फुकटात सुटतो. टेबलावर वाळूची पिशवी किंवा घट्ट गुंडाळलेली सतरंजी ठेवा, त्यावर पिस्तुलाची ग्रिप आणि मनगट टेकवा (बॅरल किंवा सिलिंडर टेकवायचा नाही), आणि एका टारगेटवर पाच शॉट मारा. टेकवून मारलेले पाचही शॉट एकमेकांना चिकटून आणि नेम धरला तिथेच येत असतील, तर पिस्तूल ठीक आहे आणि सरावात खाली जाणारा शॉट मनगटाचा आहे. नवीन ट्रिगर हाताला बसेपर्यंत बोट ओढताना मनगट खाली पडतं. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, पण आधीच्या मालकानं पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा आपल्या सवयीनं लावलेला असतो. तुम्हाला तो अचानक सुटल्यासारखा वाटतो, तुम्ही दचकता, शॉट सातात.

आता थोडं गणित, कारण यानं अर्धे वाद मिटतात. १० मीटरवर १५० मीटर प्रतिसेकंदानं गेलेला पेलेट साधारण २२ मिमी खाली पडतो. ते साईटनं आधीच सांभाळून घेतलेलं असतं. वेग १४० झाला तर तो आणखी ३ मिमी खाली जातो, १३० झाला तर ७ मिमी. टारगेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आणि त्यापुढचं प्रत्येक कडं ८ मिमी रुंद. पेलेटच्या कडेनं रेषा शिवली तरी वरचा गुण मिळतो, हेही धरा. म्हणजे बरोबर मध्यभागी बसलेला शॉट नुसत्या वेगामुळे नवात जायला वेग १२८ च्या आसपास उतरावा लागतो. आणि सातात जायला? शंभराच्या जवळ. एवढा वेग पडला तर पिस्तूल मारताना आवाजच बदलतो, "टप्प" ऐवजी "फुस्स" येतं, आणि ते शेजारच्या लेनवरच्यालाही कळतं. आवाज नेहमीचा आणि शॉट सातात, तर सिलिंडर सोडा आणि आपल्या हाताकडे, साईटकडे बघा.

याच गणिताची दुसरी बाजू: वेगात दोन-तीन मीटरचा फरक पडला तर टारगेटवर मिलिमीटरभर फरक. दशांशात गुण मोजणाऱ्याला तो दिसेल, सराव करणाऱ्या पोराला दिसणार नाही. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) १४८, १५१, १४९ दिसलं म्हणून कुणी घाबरून पिस्तूल उघडायला घेऊ नये.

गेज खाली आला म्हणजे लीक झालं असं नाही

आपल्याकडे ही गफलत उन्हाळ्यात फारच होते. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत नागपूरचं तापमान काय असतं ते सांगायला नको. बंद सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. गच्चीखालच्या खोलीत ४४ अंशांवर २०० बार भरलेला सिलिंडर २४ अंशांच्या एसी रेंजमध्ये नेला की दाब दाखवणारा गेज १८७ च्या आसपास येतो. तेरा बार गेले, आणि हवेचा एक कणही बाहेर आलेला नाही.

भरतानाही तेच. घाईनं भरलं की सिलिंडर हाताला गरम लागतो. गरम असताना २०० दिसलं, थंड झाल्यावर १८५-१९०. म्हणून भरून झाल्यावर अर्धा तास ठेवा, मग खरा आकडा वाचा आणि गरज असेल तर वरून थोडं भरा. उलट्या दिशेनंही लक्ष असू द्या: एसीत २०० भरून सिलिंडर स्कूटरच्या डिक्कीत ठेवला आणि गाडी दुपारी उन्हात उभी केली, आतलं तापमान ६० झालं, तर दाब २२० च्या पुढे. २०० बारच्या सिलिंडरचं हे काम नाही. काही पिस्तुलांचे सिलिंडर ३०० बारचे असतात, पण शेजारच्याचा ३०० चा आहे म्हणून आपला २०० चा तेवढा भरता येत नाही. अंगावर कोरलेला आकडा वाचा.

शिवाय सिलिंडरच्या बुडाशी जो बटणाएवढा गेज असतो, त्याच्या काट्याची जाडीच पाच-सात बार खाते. एका दिवसाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. दोन्ही वेळा एकाच खोलीत, सकाळी, कूलर लावायच्या आधी वाचा.

एका रात्रीची चाचणी

पिस्तूल घेण्यापूर्वी हीच करायची, आणि घेऊन बसला असाल तर आज रात्री. संध्याकाळी सिलिंडर भरा, थंड होऊ द्या, आकडा लिहा. सिलिंडर पिस्तुलातून काढून वेगळा ठेवा. सकाळी पुन्हा वाचा. आकडा तसाच असेल तर सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व ठीक. आणखी एक रात्र मिळाली तर तोच सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवा. आता सकाळी दाब उतरला, तर गळती पिस्तुलाच्या बाजूला आहे.

एवढंच. पण या दोन रात्रींनी निम्मं निदान होतं, आणि दुरुस्तीवाल्याला फोनवर "लीक आहे" म्हणण्याऐवजी "सिलिंडर एकटा धरतो, जोडल्यावर रात्रीत तीस बार उतरतात" असं सांगता येतं. त्या वाक्यावर तो लगेच कुठला छल्ला ते सांगेल.

सिलिंडर एकटाच गळत असेल तर तोंडाशी साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. भांडी घासायचा द्रव आणि पाणी, घट्टसर. बुडबुडा यायला कधी कधी पाच-सात मिनिटं लागतात, पाहत बसायचं. व्हॉल्वच्या मध्यातून बुडबुडा आला तर आत कचरा किंवा बसकं रबर, गेजच्या बुडातून आला तर गेजचा छल्ला. दोन्ही ठिकाणी आतलं काम घरी करायचं नाही. भरलेल्या सिलिंडरला पाना लावायचा नाही, गेज "जरा कसून" बघायचा नाही. २०० बार म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट दाब. डोळा गेला तर परत येत नाही.

सिलिंडर बरा आणि जोडल्यावर गळतं, तर पहिला संशय जोडाच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी छल्ल्यावर. सिलिंडर काढा, पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, उजेडात जोडाच्या खोबणीत बघा. चांगला छल्ला गोल आणि चकचकीत दिसतो, नखानं दाबला की परत उठतो. गेलेला छल्ला वरून सपाट झालेला असतो, एका बाजूला कात्रीनं टोचल्यासारखी चीर, कधी कडेला रबराचा केसाएवढा धागा निघालेला. तो धागा म्हणजे दाबानं रबर फटीतून बाहेर ओढलं गेलं. हे बहुतेक वेळा आधीच्या मालकानं मऊ रबराचा छल्ला घातल्यानं होतं.

छल्ला बदलणं अवघड नाही, योग्य छल्ला मिळवणं अवघड आहे. कंपनीचा सील किट मागवता आला तर उत्तम. नाहीतर हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला हायड्रॉलिक सील विकणाऱ्यांकडे जा, पण "असाच द्या" म्हणून बोटावर दाखवू नका. व्हर्नियरनं खोबणीचं माप घ्या, आतला व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, आणि नायट्रिल रबराचा ९० शोरचा (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मागा. काउंटरवर हाताला लागतो तो बहुधा ७० शोरचा असतो. दिसायला तसाच, कमी दाबाला पुरतोही, पण २०० बारवर थोड्याच दिवसांत पुन्हा तोच धागा काढून देतो. जुना छल्ला काढताना सुई किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. खोबणीला ओरखडा पडला की नवा छल्लाही गळेल. बांबूची टूथपिक पुरते. नवा घालताना सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर. मशीनचं तेल, थ्री-इन-वन, व्हॅसलीन यातलं काहीही हवेच्या मार्गात नको: उच्च दाबात खनिज तेल पेटू शकतं.

जोड कोरडा, छल्ला बरा, तरी दाब उतरतोय, तर संशय शॉटला हवा सोडणाऱ्या फायरिंग व्हॉल्ववर. पेलेट न घालता लोडिंग लिव्हर उघडी ठेवा, पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला, आणि ब्रीचपाशी (पेलेट घालायच्या जागेपाशी) टिश्यूची बारीक पट्टी धरा. ती हलली तर हवा व्हॉल्वमधून सतत निसटते आहे. कधी कधी नुसता कचरा अडकलेला असतो आणि पाच-दहा शॉट मारल्यावर तो उडून जातो. न गेल्यास सर्व्हिस. एक बारीक गोष्ट: काही जण सिलिंडर घाबरत, फार हळू फिरवून लावतात, मध्येच फुस्स आवाज आला की थांबतात. तो आवाज गळतीचा नसतो, जोड अर्धा बसल्याचा असतो. ठामपणे, सरळ, शेवटपर्यंत फिरवा.

पहिला शॉट वेगळा, बाकी सारखे

ही तक्रार कमी येते पण डोकं खाते. सकाळी पहिला शॉट कुठेतरी भलतीकडे, पुढचे पन्नास एकमेकांवर. लोक याला "थंड बॅरल" म्हणतात. एअर पिस्तुलात बॅरल थंड-गरम होण्याचा प्रश्नच नाही. हे रेग्युलेटरचं सरकणं आहे.

सिलिंडरमधला २०० बारचा दाब रेग्युलेटर कमी करून एका ठरलेल्या पातळीवर आणतो आणि प्रत्येक शॉटला तेवढीच हवा देतो. त्याच्या आतली बैठक झिजली की तो पूर्ण बंद होत नाही. पिस्तूल पडून राहिलं की मागच्या दाबाची हवा हळूहळू पुढे झिरपते आणि ठरलेली पातळी ओलांडते. मग पहिला शॉट जोरात जातो. काही पिस्तुलांत दाब इतका वाढतो की व्हॉल्वचा हातोडा तो पुरेसा उघडूच शकत नाही, आणि पहिला शॉट उलट हळू जातो. त्यामुळे "वर गेला" किंवा "खाली गेला" यावरून निदान करू नका; पहिला वेगळा आणि पुढचे सारखे, एवढंच बघा.

चाचणीसाठी क्रोनोग्राफ हवा. शहरात क्लबमधल्या कुणाकडे तरी असतोच, मागून आणा. पाच शॉट लागोपाठ मारा, वेग लिहा. दहा मिनिटं चहाला जा. परत येऊन एक शॉट. त्याचा वेग आधीच्या पाचांपेक्षा स्पष्टपणे वेगळा आला आणि पुन्हा पुन्हा तसंच झालं, तर रेग्युलेटर. मग तीच चाचणी वेगळ्या दाबांवर करा: सिलिंडर भरलेला, अर्धा, आणि गेजच्या लाल पट्ट्याच्या थोडा वर. चांगला रेग्युलेटर असेल तर तिन्ही ठिकाणी वेग जवळपास सारखा. गेजच्या काट्याबरोबर वेगही चढत-उतरत असेल तर रेग्युलेटर नावालाच आहे, आणि "भरल्यावर वर, मग खाली" या कोड्याचं उत्तर तेच. साईटचे क्लिक बिचारे उगाच झिजले.

वेगाचा स्क्रू पिस्तुलाला असतो, आणि इंटरनेटवर पाहून तो फिरवायचा मोह होतो. सरकता रेग्युलेटर स्क्रूनं बरा होत नाही, फक्त त्याचा बिघाड दुसऱ्या आकड्यावर दिसतो. आधीच्या मालकानं असा उद्योग केलाय का हे स्क्रूच्या खाचेवरून कळतं. खाच ओरबाडलेली दिसली की किमतीत ते धरा.

पाणी

पावसाळ्यात हातपंपानं सिलिंडर भरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. जुलै-ऑगस्टची हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. पंपाच्या फिल्टरमधली सिलिका जेल निळी किंवा नारिंगी असायला हवी; रंग उडून गुलाबी किंवा फिकी झाली की ती भरली. उन्हात किंवा मंद आचेवर तव्यात सुकवून परत वापरता येते. उन्हाळ्यात वेगळीच गंमत: बाहेर हवा कोरडी ठाक, आणि पंप मारणारा बसलेला असतो डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर. पाण्याचे थेंब उडवणाऱ्या वाऱ्यात सिलिंडर भरतोय. पंप दुसऱ्या खोलीत न्या आणि घाम पुसा.

आत पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये पांढरी भुकटी धरते, ती रेग्युलेटरमध्ये जाते, आणि वर सांगितलेला सगळा तमाशा सुरू होतो. विकत घेताना भुकटी तपासायची सोपी रीत आहे: जोडाच्या तोंडाशी पांढऱ्या कापडाचा कोपरा फिरवा. पांढरट किंवा तपकिरी डाग आला तर या पिस्तुलानं पावसाळे हातपंपावर काढलेत.

भरायला कुठे जायचं हा नागपुरातला नेहमीचा प्रश्न. रेंजचा मोठा सिलिंडर किंवा फिल्टर असलेला उच्च दाबाचा कंप्रेसर, नाहीतर पंप. टायरवाल्याचा कंप्रेसर या दाबाच्या आसपासही जात नाही. आणि कुणी कितीही सांगितलं, वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडून ऑक्सिजन भरायचा नाही. कधीच नाही. ऑक्सिजन, दाब आणि छल्ल्यावरचं एवढंसं ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. हातात धरायच्या वस्तूत.

ग्रुपच फुटला असेल तर

इथे झटपट जातो, कारण कारणं साधी आहेत. मागच्या साईटचा स्क्रू, पुढच्या साईटचा स्क्रू, बॅरल धरणारा स्क्रू, ग्रिपचा स्क्रू: चारही हलवून बघा. ग्रिप अर्धा मिलिमीटर हलत असेल तर बाकी काही तपासू नका. पेलेटचा डबा बदला. ओलीत राहिलेल्या पेलेटवर पांढरी बुरशीसारखी भुकटी येते, ते सरावालाही वापरू नका. ४.४९ आणि ४.५० मिमी डोक्याचे पेलेट दोन्ही मारून बघा, बॅरलला कुठला आवडतो ते टेकवून मारलेल्या ग्रुपवरून ठरवा. बॅरल फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा, ब्रीचकडून. लोखंडी सळई तोंडाकडून घालणाऱ्यानं बॅरलच्या तोंडाची कड घासलेली असते, आणि "बॅरल गेली" हे वाक्य खरं ठरण्याची हीच एक वाट. भिंगातून तोंड बघा: कड सगळीकडे सारखी चमकली पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल असेल तर बॅटरी काढून तिचे संपर्क बघा. हिरवट थर दिसला तर आधीच्या मालकानं वर्षभर बॅटरी आतच ठेवली होती. ट्रिगर "कधी लागतो, कधी नाही" असं असेल तर नवीन बॅटरी घालूनच निदान करा, आणि तरीही तसंच राहिलं तर ते पिस्तूल घेऊ नका; मेकॅनिकल ट्रिगरसारखं ते इथे कुणी खोलून बसवून देत नाही. २०२१ मध्ये टोकियोला पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. ऑलिम्पिकमध्ये असं होतं, तर जुन्या पिस्तुलावर जिल्हा स्पर्धेला जाताना एक सुटी बॅटरी खिशात ठेवायला हरकत काय?

सौदा करताना

सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं, आणि तो मुदतीत आहे हे पाहणं खेळाडूची जबाबदारी, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो. जुन्या पिस्तुलासोबत आलेले दोन्ही सिलिंडर मुदतीबाहेरचे, हे चित्र नेहमीचं. विकणारा म्हणेल, "अजून मस्त धरतो." धरत असेल. धातू थकलाय की नाही हे गेज सांगत नाही. असा सिलिंडर रिकामा करून बाजूला ठेवायचा, आणि नव्याची किंमत पिस्तुलाच्या सांगितलेल्या किमतीतून वजा करायची. यावर विकणारा चिडला तरी आकडा बदलत नाही.

ग्रिप हाताला बसते का ते डोळे मिटून बघा: पिस्तूल उचला, डोळे मिटून टारगेटच्या दिशेला रोखा, उघडा. पुढची साईट मागच्या खाचेत जवळपास मध्यभागी असेल तर ठीक. आधीच्या मालकानं पुट्टी लावून, घासून ग्रिप स्वतःच्या तळव्याची केलेली असते. ती तुमची होत नाही, नवीन ग्रिप घ्यावी लागेल असं धरूनच बोला. पुट्टीनं तळव्याखालचा आधार वर चढवून ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन केला असेल तर स्पर्धेत उपकरण तपासणीत अडकाल, ते वेगळं. तिथे १५०० ग्रॅम वजन आणि ४२०×२००×५० मिमीची पेटीही बघतात, तेव्हा आधीच्या मालकानं लावलेली जास्तीची वजनं मोजून घ्या.

कागद. मूळ बिल, अनुक्रमांक आणि पिस्तुलावरचा अनुक्रमांक जुळतो का ते. पिस्तूल खेळाडूच्या सवलतीत आयात झालेलं असेल तर पुढे विकण्यावर अटी असतात. आयातीचे कागद मागा आणि स्वतः वाचा. "कागद मुंबईला दादाकडे आहेत, नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून नंतरच घ्या. व्यवहाराची साधी लेखी पावती, दोघांच्या ओळखपत्राच्या प्रतींसह.

आणि एका रात्रीच्या चाचणीचं विकणाऱ्याला कसं सांगायचं हा प्रश्न उरतो, कारण आपल्याकडे लोकांना तो अविश्वास वाटतो. नागपुरात चाललेली रीत अशी: पूर्ण रक्कम क्लबमधल्या दोघांच्याही ओळखीच्या ज्येष्ठाकडे ठेवायची, पिस्तूल आणि सिलिंडर वेगवेगळे त्यांच्याच कपाटात, गेजचा फोटो तिघांच्या मोबाईलमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच तिघांनी गेज वाचायचा, सिलिंडर लावायचा, आणि क्रोनोग्राफवर पाच शॉट, दहा मिनिटं, एक शॉट. आकडे बरे आले तर पाकीट विकणाऱ्याला, पेटी तुम्हाला. दाब उतरला तर विकणाऱ्यानं छल्ला बदलून आणायचा किंवा तेवढी किंमत कमी करायची, हे आदल्या दिवशीच ठरलेलं असलं की कुणाचा आवाज चढत नाही.